मग सगळं तूच वाजव

१४ ऑक्टोबर १९९७, रियेका

मी बँड सोडला. नादियाला सांगायला गेलो तर ती म्हणाली, "ह्या वेळी मला नको सांगूस, कुठंतरी लिहून काढ. तुझं बँड सोडणं ऐकून ऐकून कान किटले माझे." बायकोने एवढंही ऐकून घ्यायचं नाही म्हणजे कमाल आहे. म्हणून ही डायरी. मी शिकवतो त्या ड्रायव्हिंग स्कूलमधून उचलली, गेल्या वर्षीची आहे, तारखा खोडून लिहितोय.

झालं असं. झाग्रेबहून रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला होता. आमचा 'तिसरा धक्का' बँड शाळेपासूनचा. बंदरातल्या तिसऱ्या धक्क्यावरच्या गोदामात सराव करतो म्हणून हे नाव. तर इतक्या वर्षांत झाग्रेबहून कुत्रं आलं नव्हतं, आज चक्क कोट घातलेला माणूस आला. सगळी गाणी ऐकली. खूश झाला. म्हणाला, घेतो. फक्त शेवटच्या गाण्यात धृपद एकदाच येतं ते तीनदा घ्या, लोकांच्या तोंडी बसेल. बस्स, एवढंच! बेसवाला बोरे लगेच मान हलवायला लागला. मीही, ड्रम्सवाला. आणि आमचे महाराज लिव्हिओ किंकेला, गीतकार, गायक, गिटारवादक, म्हणाले, "धृपद एकदाच येतं, कारण गाण्यातल्या माणसाला ते एकदाच कळतं."

कोटवाला हसला. त्याला विनोद वाटला. लिव्हिओ विनोद करत नाही. तासाभराने कोटवाला हसायचा थांबला आणि गाडीत बसून निघून गेला.

मग मी भडकलो. गोदामाचा पत्रा वाऱ्याने धडधडत होता, त्याच्या वर आवाज काढून ओरडलो, "तुला कोणी लागतच नाही ना? आमची मतं नकोत, आमचे संसार दिसत नाहीत! मग सगळं तूच वाजव! गिटार तू, बेस तू, ड्रम्सही तूच बडव!"

लिव्हिओने जरा विचार केला आणि म्हणाला, "बरं."

त्याचं ते 'बरं' डोक्यात गेलंय माझ्या.

२२ ऑक्टोबर

फोन नाही.

मी निश्चिंत आहे. दरवर्षी असंच असतं. जुगो सुटला, समुद्रावरून तो चिकट, डोकं उठवणारा वारा आला, की मी बँड सोडतो. जुगोत बोललेलं रियेकात कोणी मनावर घेत नाही, नवराबायकोसुद्धा नाही. मग आठवड्याभरात लिव्हिओचा फोन येतो. माफी नाही, गोडगोड नाही, सरावाची वेळ सांगतो आणि ठेवून देतो. मी जातो. ह्यात कोणाचंच नाक खाली होत नाही. चांगली पद्धत आहे.

३ नोव्हेंबर

मासळीबाजारात बोरे भेटला. सार्डिन निवडत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "लिव्हिओ अल्बम करतोय. एकटा."

"एकटा म्हणजे?"

"एकटा म्हणजे एकटा. कुठून तरी जुनं टेप मशीन आणलंय, आठ ट्रॅकचं. आधी एक वाद्य वाजवतो, मग ते ऐकत दुसरं. बेसही त्यानेच वाजवला. माझ्यापेक्षा बरा वाजवलाय, खरं सांगायचं तर."

"आणि ड्रम्स?"

बोरेने एका माशाचे कल्ले उघडून आत बघितलं.

"बोरे. ड्रम्स कोण वाजवतंय?"

"तोच."

"कशावर?"

"तुझ्याच. तू नेलेस कुठे?"

ऐका! माझे ड्रम्स! तो किक ड्रम, पायाने वाजवायचा मोठा, मी आमच्या विश्कोवो गावच्या बँडमास्तराकडून हातापाया पडून मिळवला होता. आणि हा बोरे शांतपणे सार्डिन घेतोय. मी म्हटलं, तुला राग नाही येत? तर म्हणे, "आला होता. मग मी त्याने वाजवलेलं ऐकलं." ह्या माणसाला कणाच नाही. म्हणून तर बेस वाजवतो.

९ नोव्हेंबर

ड्रम्स आणायला गेलो. स्कूलची गाडी घेऊन गेलो, वर 'शिकाऊ' पाटीसकट.

गोदामाच्या दाराशी पोचलो आणि आतून आवाज आला. लिव्हिओ ड्रम्स वाजवत होता. आईशप्पथ सांगतो, इतका आनंद मला माझ्या लग्नात झाला नव्हता. काय घाण वाजवत होता! पाय एकीकडे, हात दुसरीकडे. चार ठोके बरे, पाचव्याला घसरगुंडी. मग थांबायचा, स्वतःला शिवी द्यायचा, परत सुरू. मी बाहेर दोरखंडाच्या भेंडोळ्यावर बसून अख्खं गाणं ऐकलं. मग दुसरं. थंडीने कान गार पडले तरी उठवेना.

ड्रम्स आणले नाहीत. राहू देत. रडत रडत फोन करेल. घरी येऊन नादियाला सगळं वाजवून दाखवलं, टेबलावर, चमच्यांनी. ती म्हणाली, "हसतोस काय, तू चौथीत असताना ह्याहून वाईट वाजवायचास." मी चौथीत होतो तेव्हा ही मला ओळखतही नव्हती.

१३ डिसेंबर

परत गेलो होतो ऐकायला. अधूनमधून जातो. लिहून टाकतो, नाहीतर ही डायरी कशाला.

त्याला जमायला लागलंय.

छान नाही वाजवत. मनगट कडक आहे, सिंबलवर भीत भीत मारतो. पण गाणं उभं राहतं. माझ्याशिवाय उभं राहतं. मी दाराबाहेर उभा होतो, तिथून धक्क्याच्या कडेला गेलो आणि खाली समुद्रात थुंकलो. मी चौथीत असल्यापासून घेतलेली मेहनत, आणि हा मनुष्य दोन महिन्यांत! मला मत्सर वाटतो. माझ्याआधी नादिया ज्याच्याबरोबर फिरायची त्या दंतवैद्याचाही मला इतका कधी वाटला नव्हता.

घरी नादिया म्हणाली, "तूच फोन कर ना त्याला."

"मी का करू? सोडलं मी, फोन त्याने करायचा. तशी पद्धत आहे. आणि मी जे बोललो ते जुगोत बोललो होतो, त्याने धरायलाच नको होतं."

"कसला जुगो? त्या दिवशी बुरा होती. माझी चादर उडून खालच्यांच्या गच्चीत गेली ती त्याच दिवशी."

मी म्हटलं, शक्य नाही. ती खाली जाऊन त्या बाईंना विचारून आली. बुराच होती. डोंगरावरून येणारा कोरडा, खणखणीत वारा. बुरेत माणसाचं डोकं ठिकाणावर असतं. बुरेत बोललेलं मोजतात.

म्हणजे लिव्हिओने मला शुद्धीवर समजून माझं ऐकलं. बरं, पण त्यालाही कळायला नको का? पंधरा वर्षं एका माणसाबरोबर वाजवतो आणि वाऱ्याची दिशा बघत बसतो!

२७ डिसेंबर

लिव्हिओने कॅसेट पाठवली. स्वतः आला नाही. नादियाच्या हापिसात दिली, तिथेही काही बोलला नाही. म्हणाला, "एर्विनला दे," आणि गेला. चिठ्ठी नाही. कॅसेटवर फक्त 'पाचवं' असं लिहिलंय, त्याच्या त्या मुंगीच्या अक्षरात.

ऐकली. एकच गाणं आहे. गाणं चांगलं आहे. लिहितानाही दात आवळतोय, पण चांगलं आहे. बंदरात उभ्या राहून गंजलेल्या जहाजावरच्या रखवालदाराचं. पण ड्रम्स नाहीत! नावालाही नाहीत. गिटार, बेस, आवाज. आणि मधे तर कहर. दुसऱ्या कडव्यानंतर सगळं थांबतं. काहीच नाही. नुसता त्याचा पाय जमिनीवर ठेका धरतोय तेवढा लांबून ऐकू येतो. मला वाटलं टेप अडकली. मग एकदम सगळं परत सुरू, पूर्ण जोरात.

मला दाखवतोय. बघ, म्हणतोय, तुझ्याशिवायसुद्धा होतं. ड्रम्सच नकोत म्हणतोय. अंगाचा तिळपापड झाला.

नादिया स्वयंपाकघरातून म्हणाली, "मधे एवढं गप्प का आहे?"

"काहीतरी घालायचं विसरला असेल."

"लिव्हिओ? विसरला?"

तिने रिवाइंड करून परत तोच भाग ऐकला. हात पुसत, मान वाकडी करून. मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "एर्विन, तू काही काही वेळा इतका मठ्ठ असतोस ना." मी विचारलं, का? तर म्हणे, "काही नाही. मला तुमच्या गाण्यांतलं काय कळतंय." आणि कॉड माशाचा रस्सा गरम करायला निघून गेली. माझ्यावर कसला राग काढते देव जाणे.

१८ जानेवारी १९९८

बोरेकडे गेलो. त्यालाही कॅसेट दिली का ते बघायला. नाही दिली. त्याने बाकीची गाणी गोदामात जाऊन ऐकलीत.

"सगळ्यांत ड्रम्स आहेत," तो म्हणाला. "त्यानेच वाजवलेले. फक्त पाचव्यात नाहीत."

"जमले नसतील."

"असेल," बोरे म्हणाला. मग उगाचच म्हणाला, "अल्बम संपलाय तसा. तरी मशीन परत देत नाहीये. म्हणतो, थोडं थांबू या."

"कशाला थांबायचं?"

बोरेने ग्लासात वाइन ओतली, त्यावर सोडा ओतला, आणि फुटबॉलचं काहीतरी बोलायला लागला.

२२ फेब्रुवारी

कार्निव्हलचा रविवार. आज मी लिव्हिओला गप्प केलं!

सकाळपासून आमच्या विश्कोवोच्या घंटावाल्यांबरोबर होतो. अंगावर मेंढीचं कातडं, कमरेला घंटा, तोंडावर शिंगांचा मुखवटा. बाबा नाचायचे, आजोबा नाचायचे, मी नाचतो. कॉर्सो रस्त्यावर नुसती गर्दी. फ्रिटुलेची गोड भजी तळल्याचा वास सगळीकडे. तेवढ्यात एक डुकराचा मुखवटा समोर आला. लांब हात, डावा खांदा वर. गिटारने झालेला खांदा. मी लगेच ओळखला. त्यानेही मला ओळखलं असणार, आमच्या घंटांची चाल त्याला पाठ आहे. पण मुखवट्याला नावाने हाक मारायची नाही हा आमच्याकडे नियम आहे. मुखवट्याआडून काहीही विचारावं आणि काहीही सांगावं, दुसऱ्या दिवशी कोणी त्याचा जाब मागत नाही.

डुक्कर म्हणालं, "काय रे घंटावाल्या, कोणीतरी तुला एक गाणं पाठवलं होतं म्हणतात."

"पाठवलं असेल."

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग?"

त्या 'मग' मध्ये काहीतरी होतं, वाट बघितल्यासारखं. मला वाटलं स्तुती हवी आहे साहेबांना. मी घंटा खणखणवल्या आणि म्हटलं, "मधे कॅसेट बिघडलीये त्याची. काही ऐकू येत नाही. पाठवणाऱ्याला म्हणावं, माल तपासून पाठव!"

आजूबाजूचे मुखवटे हसले. डुक्कर तसंच उभं राहिलं. मग म्हणालं, "बरं." आणि गर्दीत शिरलं.

मी दिवसभर खुशीत होतो. घरी येऊन नादियाला शब्दन् शब्द सांगितला. ती हसली नाही. तिने माझ्या घंटांचा पट्टा सोडला, खुंटीला लावला, आणि म्हणाली, "एवढं मोठं शिंग डोक्यावर घेऊन फिरतोस, आत काही नाही." मुलांच्या खोलीत जाऊन झोपली.

१९ एप्रिल

अल्बम आला. कोणा कंपनीने नाही, लिव्हिओने स्वतःच काढला. कॉर्सोवरच्या दुकानात काचेत लावलाय. मी टोपी खाली ओढून आत गेलो आणि विकत घेतला. पोऱ्याने पिशवीत घालून दिला, देवाची कृपा की ओळखलं नाही. म्हणजे ओळखलं नाही हेही लागलंच मनाला.

नाव काय ठेवलंय? 'बरं.'

आत लिहिलंय: सर्व गाणी आणि सर्व वादन, लिव्हिओ किंकेला. आणि त्याखाली एक ओळ: पाचव्या गाण्यात ड्रम्स, कोणी नाही.

वाचलं आणि डोळ्यांत पाणी आलं, रागाने. 'कोणी नाही' असं छापायची काय गरज होती? नाही वाजवले तर नाही वाजवले, गप्प बस ना! सगळ्या गावाला ओरडून सांगायचं की एर्विन यार्दास म्हणजे कोणी नाही?

पाचवं तसंच आहे. मधलं भगदाड तसंच. पायाचा ठेकासुद्धा काढून टाकलाय आता.

६ मे

बेन्चिच बाईंना चढणीवर गाडी सोडायला शिकवत होतो, त्रसातच्या टेकडीच्या रस्त्यावर. बाई औषधांच्या दुकानात असतात, नवरा गेल्यावर पन्नाशीत गाडी शिकायला आल्या. रेडिओ त्यांनाच हवा असतो, म्हणतात हात सैल राहतात. तर रेडिओवर पाचवं लागलं. आजकाल तेच लावतात! अख्ख्या अल्बममधलं तेच! मासळीबाजारात कोळिणी गुणगुणतात.

भगदाड आलं. बाईंनी आवाज वाढवला, मला म्हणाल्या, "बंद पडला का हो?" आणखी वाढवला. मी सांगेपर्यंत सगळी वाद्यं एकदम अंगावर आली, बाईंनी दचकून क्लच सोडला, गाडीने उडी मारली, मी माझ्याकडचा ब्रेक दाबला. मागचा ट्रकवाला आमच्या आयांचा उद्धार करत गेला.

श्वास जागेवर आल्यावर बाई म्हणाल्या, "किती चमत्कारिक गाणं. असं वाटलं की कोणीतरी यायचं होतं, त्याच्यासाठी दार उघडं ठेवलं, आणि तो आलाच नाही."

मी म्हटलं, "पहिला गिअर टाका, बाई."

पण दिवसभर ते वाक्य कानात राहिलं. जेवतानाही. रिवाइंड करून करून परत ऐकलं. डिसेंबरची कॅसेट शोधून तीही ऐकली, ज्यात त्याचा पाय ठेका देतो ती. एकटाच वाजवणारा माणूस रिकाम्या जागेत ठेका कोणासाठी देईल?

नाही. असं असतं तर सांगितलं असतं त्याने. तोंड होतं ना.

१६ मे

लिव्हिओचा कार्यक्रम, जुन्या शिडांच्या कारखान्यात. जाणार नव्हतो. नादियाने माझा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर टाकला आणि स्वतः बूट घालून दारात उभी राहिली. गेलो.

तो एकटाच होता. गिटार हातात, एका पायाखाली किक ड्रम, दुसऱ्याखाली हाय-हॅटच्या झांजा. माझाच किक. लोक खच्चून भरलेले. बोरे बारपाशी उभा, त्याला कसलंही दुःख नाही, बियर पितोय. मी मागे खांबाला टेकून प्रत्येक चूक टिपत होतो. हाय-हॅट मागे पडतोय, किक घाबरट आहे. कोणाला त्याची काही पडलेली नव्हती. बायका रडत होत्या.

पाचवं आलं. दुसरं कडवं संपलं आणि तो थांबला. अख्खं सभागृह थांबलं. एवढी माणसं आणि खोकला नाही की ग्लासाचा आवाज नाही. आणि माझे हात माझ्या मांड्यांवर वाजवायला लागले. मी ठरवलं नव्हतं. काय वाजवायचं ते हातांना ठाऊक होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, हलकं, मग भरत जाणारं, जहाज हलतं तसं. ते बरोबर बसत होतं त्यात. माझ्या शेजारी नादिया माझ्या हातांकडे बघत होती.

इतका मत्सर मला आयुष्यात कशाचा वाटला नाही, जितका त्या शांततेचा वाटला. लोक तिच्यावर जीव टाकत होते.

संपल्यावर तो वायरी गुंडाळत होता तिथे गेलो. 'कसा आहेस' वगैरे नाही. मी म्हटलं, "ती जागा माझी होती?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कॅसेट पाठवली की."

"त्यात काही लिहिलेलं नव्हतं!"

"गाणं पाठवल्यावर वर चिठ्ठी कशाला?" त्याला खरंच कळत नव्हतं. "बाकीच्यांत तू म्हणालास तसं मीच वाजवलं. हे मला येत नव्हतं. हे तुलाच येतं. म्हणून ठेवलं. मग कार्निव्हलात तू म्हणालास, बिघडलीये."

"अरे गाढवा, मुखवटा होता!"

"मुखवट्यात माणूस खरं बोलतो."

काय बोलणार अशा माणसाशी? मग लाज सोडून म्हटलं, "आता वाजवू? पुढच्या कार्यक्रमापासून?"

त्याने विचार केला. तोच तो त्याचा विचार. लोक ह्याच्यावर का प्रेम करतात, मला कळत नाही. मी का करतो तेही.

"नाही," म्हणाला. "आता ते पूर्ण झालंय. आता तिथे वाजवलं तर घाण होईल."

दोन शिव्या हासडल्या त्याला. वाइटातल्या वाईट. त्याने ऐकून घेतल्या, वायर पेटीत ठेवली, आणि म्हणाला, "पुढच्या महिन्यात ल्युब्लियाना आहे. बाकीची गाणी तू वाजव, मला पायांनी नाही जमत. त्या जागेत वाजवायचं नाही. पण परत कधी सुरू करायचं ते तू ठरव. तू मारलंस की मी शिरेन."

"म्हणजे मी तिथे स्टिक्स धरून नुसता बसू? लोकांसमोर?"

"हो."

"गेलास उडत," म्हटलं आणि नादियाला घेऊन निघून आलो.

२४ मे

झोप नाही. जाणार नाही. मी काय भिंतीवरचं चित्र आहे?

३० मे

बोरेचा फोन. लिव्हिओने त्यालाही बोलावलंय. "तुझी गाडी मोठी आहे," म्हणाला. "माझ्यात ड्रम्स बसत नाहीत." विचार करतो म्हटलं.

१४ जून

काल ल्युब्लियाना. आत्ताच घरी आलो, दुपार झाली. आधी हे लिहितो, मग जेवतो.

स्कूलच्या गाडीने गेलो, वरची 'शिकाऊ' पाटी काढायचं राहिलं. रुपा गावच्या सरहद्दीवर पोलिसाने आत वाकून विचारलं, "ह्यातला शिकाऊ कोण?" बोरे म्हणाला, "तिघेही." लिव्हिओ म्हणाला, "मी नाही." पोलीस हसला. लिव्हिओला हसण्यासारखं काही दिसलं नाही.

पहिली चार गाणी मी अशी वाजवली की खिळे निघायचे बाकी होते. त्याला दाखवायचं होतं. मग पाचवं. पहिलं कडवं, दुसरं कडवं, आणि थांबलो.

स्टिक्स वर धरून बसलो. समोर अंधारात लोक. माझे हात मारायला आतुर. मनात ते सगळं वाजत होतं, हलकं, मग भरत जाणारं. लोकांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं आणि मी संपवू शकत नव्हतो. मला वाटलं, आता पुरे, आता मार. पण मनातलं अजून संपलेलं नव्हतं. मी ते संपेपर्यंत थांबलो आणि मग मारलं. तो शिरला. बोरे शिरला. लोक ओरडले, पण तिकडे लक्ष नव्हतं माझं.

रात्री तिथेच मुक्काम केला. सकाळी परत निघालो. बोरे मागे ड्रम्समध्ये दबून घोरत होता. पोस्तोय्ना गाव मागे पडल्यावर लिव्हिओ, खिडकीतून बाहेर बघत, म्हणाला, "काल मधे उशीर केलास तू."

झालं! मी उसळलो. "मी एक ठोका वाजवला नाही, नुसता बसून होतो दगडासारखा, त्यातही चूक काढतोस?"

"चूक नाही काढत. तू नेहमीच उशीर करतोस. प्रत्येक वेळी, कडव्यात परत शिरताना, एक श्वास जास्त घेतोस. शाळेपासून. मी कॅसेटवर जागा ठेवली ती तुझा श्वास धरून ठेवली. स्वतः वाजवताना मला तेवढं थांबता येत नव्हतं, घड्याळ लावून मोजत होतो." मग म्हणाला, "काल पहिल्यांदा बरोबर आलं."

पुढचा रस्ता मला नीट दिसेना. गाडी बाजूला घेतली आणि रडलो, स्टिअरिंगवर डोकं ठेवून, लहान पोरासारखा, मोठ्याने. बोरे जागा झाला आणि परत झोपल्याचं सोंग घेतलं. लिव्हिओ खाली उतरला, सिगरेट पेटवली, आणि गाडीला पाठ करून शेताकडे बघत उभा राहिला. ती संपल्यावर त्याने दुसरी पेटवली. माझं होईपर्यंत त्याने घाई केली नाही.